काकांची चप्पल आणि रक्तातला एम बँड

आमचे काका इंदूरला रामबागेत राहतात, वय ६८, रोज सकाळी राजवाड्यापर्यंत चालत जाणार, पोहे-जिलबी खाऊन परत. एकदा आले ते एकाच पायात चप्पल घालून, दुसरी कुठे सुटली त्यांना पत्ताच नाही. सगळे हसलो. पण नंतर तोंड धुताना डोळे मिटले की ते बेसिनला धरायला लागले, तेव्हा हसणं थांबलं.

पाऊल कुठे टेकलंय हे पायाच्या नसा मेंदूला कळवत असतात, ते बंद पडलं की माणूस नजरेवर तोल सांभाळतो, म्हणून अंधारात झोक जातो.

शुगर नॉर्मल. मग बी-१२ची इंजेक्शनं, कारण काकांच्या पायांत मुंग्याही यायच्या, आणि आपल्याकडे मुंग्या म्हटलं की बी-१२च, आणि बरेचदा ते बरोबरही असतं. इथे फरक पडेना. शेवटी एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी टेस्ट झाली, त्यात नसांवरचं मायलिनचं कव्हर खराब दिसलं, आणि मग सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, जी खरं तर आधीच व्हायला हवी होती.

या टेस्टमध्ये रक्तातली प्रोटीन्स विजेच्या जोरावर वेगळी करतात. अँटीबॉडी हजारो प्रकारच्या असतात म्हणून त्यांचा पसरट धुरकट पट्टा येतो. पण एकाच पेशीची पिलावळ वाढून सगळ्या एकसारखीच अँटीबॉडी बनवायला लागल्या तर एक बारीक ठळक रेघ उमटते, तोच एम बँड. काकांची आयजीएम जातीची निघाली आणि ती मायलिनमधल्या मॅग नावाच्या प्रोटीनलाच चिकटत होती. चिरोट्याचे पापुद्रे सुटावेत तसे मायलिनचे थर सुटत जातात, लांब नसांना आधी फटका, म्हणून सुरुवात पायांपासून.

आता घाबरू नका हं, पन्नाशीपुढच्या शंभरातल्या साधारण ३ जणांत एम बँड सापडतो आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही, फक्त दरवर्षी १ टक्क्याच्या आसपास लोकांत तो मायलोमासारख्या रक्ताच्या कॅन्सरकडे जातो, म्हणून तपासत राहायचं. आयजीजी या दुसऱ्या जातीची अँटीबॉडी असेल तर बँड आणि मुंग्या यांचा काही संबंधच नाही असंही बरेचदा निघतं. पण वजन उतरतंय, कातडी काळवंडतेय, पायातली ताकद भराभर जातेय, तर मात्र थांबायचं नाही, पोएम्स नावाचा वेगळाच आजार असू शकतो.

मॅगवाल्या प्रकारात स्टिरॉइडचा फारसा उपयोग होत नाही, रिटक्सिमॅब नावाच्या औषधाने तिघांतल्या एकाला, फार तर निम्म्यांना बरं वाटतं. आजार सरकतो हळू, म्हणून काकांनी सध्या औषध न घेता दर सहा महिन्यांनी दाखवायचं ठरवलंय. आता मागे पट्टा असलेली सँडल घालतात, आणि रात्री सराफ्यात खायला जायचं तर माझा हात धरून.