द मेयर, बॅरन ॲडॉल्फ

(१ सप्टेंबर १८६८–६ जानेवारी १९४६). फॅशन छायाचित्रणाच्या आरंभकाळातील छायाचित्रकार. ‘व्होग’ या अमेरिकन नियतकालिकाने पूर्णवेळ पगारावर नेमलेला पहिला छायाचित्रकार तो हाच, असे सामान्यतः मानले जाते.

त्याच्या जन्मस्थानाबद्दल एकवाक्यता नाही. अलीकडील अभ्यासक पॅरिसकडे झुकतात. जुन्या नोंदींत जर्मनीतील ड्रेझ्डेनही आढळते. बालपण ड्रेझ्डेनमध्ये गेल्याने हा घोळ झाला असावा. वडील जर्मन ज्यू, तर आई स्कॉटिश वंशाची. ‘फोन मेयर’, ‘द मेयर-वॉटसन’ अशी आडनावाची रूपेही कागदोपत्री दिसतात. ‘बॅरन’ या किताबाचे कोडे अधिक अवघड आहे. जर्मनीतील सॅक्सनी या राज्याच्या तिसऱ्या फ्रेडरिक ऑगस्टसने १८९७ मध्ये तो बहाल केल्याचा उल्लेख ब्रिटिश उमरावांच्या तत्कालीन नामावलीत येतो. परंतु हा राजा गादीवर आला १९०४ मध्ये. १८९७ मध्ये तेथे आल्बर्टचे राज्य होते. किताब आजोबांकडून वारशाने आला, असेही एक मत आहे. दोहोंपैकी कशालाही सबळ दस्तऐवजी आधार मिळालेला नाही. तेव्हा किताब स्वयंघोषित असावा, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात मात्र तो निर्वेध चालला. १८९९ मध्ये त्याने ओल्गा काराचिओलो हिच्याशी विवाह केला. ब्रिटनचा युवराज एडवर्ड (पुढे राजा सातवा एडवर्ड) हा तिचा धर्मपिता होता आणि या नात्याने द मेयरला राजदरबाराशी निगडित मंडळींची दारे खुली झाली.

त्याची घडण फॅशनच्या नव्हे, तर चित्रकलेसारखा परिणाम साधू पाहणाऱ्या चित्रसदृश छायाचित्रणाच्या (पिक्टोरियलिझम) परंपरेत झाली. लंडनच्या ‘लिंक्ड रिंग’ या कलात्मक छायाचित्रकारांच्या मंडळाचा तो सदस्य होता. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्‌झने ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकात त्याची छायाचित्रे छापली (१९०८, १९१२) आणि न्यूयॉर्कच्या आपल्या गॅलरीत ती मांडली. ‘वॉटर लिलीज’ (सु. १९०६) या छायाचित्रात काचेच्या भांड्यातील कमळे दिसतात, पण विषय खरे तर काचेतून आणि पाण्यातून वळणारा प्रकाश हाच आहे. पुढे रेशीम आणि मोती टिपतानाही त्याची नजर हीच राहिली.

या परिणामाचे गमक भिंगात होते. बॉस्टनच्या पिंकम अँड स्मिथ या कंपनीचे भिंग तो वापरी. सर्वसाधारण भिंगात गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे व मध्याचे किरण एका बिंदूत न मिळणे) आणि वर्णविपथन (निरनिराळ्या रंगांचे किरण एका बिंदूत न मिळणे) हे दोष शक्य तितके काढून टाकतात. या भिंगात ते मुद्दाम अंशतः शिल्लक ठेवलेले असत. त्यामुळे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) मोठे ठेवले की मध्यभागी बऱ्यापैकी रेखीव असलेली प्रतिमा कडांकडे विरघळत जाई आणि उजळ भागांभोवती प्रभा पसरे. ॲपर्चर लहान केले की ही किमया ओसरे. जोडीला तो विषयामागून प्रकाश टाकी. कधी भिंगावर झिरझिरीत रेशमी कापड ताणी. मार्केझा काझाती या इटालियन उमराव स्त्रीच्या व्यक्तिचित्रात (१९१२) काळ्याभोर कडांचे डोळे तेवढे रोखून पाहतात, बाकीचा चेहरा धूसर आहे. बॅले नर्तक निजिन्स्कीच्या ‘फॉन’ या नृत्यनाट्याची त्याची ३० छायाचित्रे १९१४ मध्ये पॅरिसला संग्रहरूपाने निघाली. त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर हे दांपत्य न्यूयॉर्कला आले. ‘व्होग’मधील नेमणुकीचे साल काही जण १९१३ देतात, पण त्या वर्षी त्याची चित्रे अंकात आली एवढेच त्यावरून ठरते, नेमणूक १९१४ ची मानणे बरे. त्याला ‘पहिला फॅशन छायाचित्रकार’ म्हणण्याचा प्रघात मात्र सैल आहे. पॅरिसच्या ‘ले मोद’ या फॅशन नियतकालिकात रॉयटलिंगर स्टुडिओची छायाचित्रे शतकाच्या आरंभापासून येत होती आणि छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने फ्रेंच वेशरचनाकार पोल प्वारेचे पोशाख १९११ मध्येच टिपले होते. द मेयरने फॅशनच्या पानाला एक वातावरण दिले, इतके निश्चित म्हणता येते. १९१६ च्या सुमारास ज्योतिषाच्या सल्ल्याने त्याने ‘गेन’ आणि पत्नीने ‘माहरा’ अशी नावे घेतली.

१९२२ च्या सुमारास तो प्रकाशक हर्स्टच्या ‘हार्पर्स बझार’ या नियतकालिकाकडे वळून पॅरिसला गेला. व्होगमधील त्याची जागा १९२३ मध्ये स्टायकेनने घेतली. कडक प्रकाश आणि स्वच्छ रेषा ही नवी रीत रुजली, शिवाय ग्राहकाला शिवण आणि बटणे दिसायला हवी होती. द मेयरच्या प्रभेत नेमकी तीच हरवत. १९३० नंतरच्या दशकात ‘बझार’शी त्याचा संबंध संपला. पुढील वर्षांची माहिती त्रोटक आहे. लॉस अँजेलिसमध्ये तो निधन पावला, तेव्हा मृत्यूनोंदीत व्यवसाय लिहिला गेला तो ‘निवृत्त लेखक’.

त्याच्या छायाचित्रांच्या मूळ मुद्रितांपैकी बरीच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नष्ट झाली. त्यामुळे त्याच्या राखाडी छटांची पारख आज बव्हंशी ‘कॅमेरा वर्क’मधील फोटोग्रॅव्ह्युअर (धातूच्या कोरीव पट्टीवरून शाईने छापलेली छायाचित्रे) आणि नियतकालिकांच्या पानांवरूनच करावी लागते.