बांगलादेशात एमबीबीएस : अर्ज भरण्याआधी पालकांनी वाचावं असं पत्रक

नीटचा निकाल लागला की लातूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात पालकांची रीघ लागते. औसा, उदगीर, अहमदपूर, अगदी नांदेड-परभणीहूनही लोक येतात. खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला: "सर, बांगलादेशला एकूण किती लागतात?" पैशांचं उत्तर आम्ही देतोच, पण त्याआधी आम्हाला वर्षांचा हिशोब मांडावासा वाटतो. पैशांची सोय कर्ज काढून होते, वर्षांची होत नाही.

तो हिशोब असा. बांगलादेशातला एमबीबीएसचा अभ्यासक्रम ५ वर्षांचा. त्यानंतर त्याच कॉलेजच्या रुग्णालयात १ वर्ष इंटर्नशिप. मग भारतात येऊन परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीची एफएमजीई ही परीक्षा. ती पास झाल्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी आणि इथे पुन्हा १ वर्ष इंटर्नशिप. म्हणजे सगळं सुरळीत झालं, एकही विषय राहिला नाही, एफएमजीई पहिल्या फटक्यात निघाली, तरी साडेसात ते आठ वर्षं. आज १८ वर्षांची असलेली तुमची मुलगी स्वतःच्या नावाची पाटी लावेल तेव्हा २६ वर्षांची असेल. घरात सगळ्यांनी बसून आधी या आकड्यावर बोला. आजीआजोबांनाही बोलवा, कारण मुलीच्या लग्नाचा विषय तेच काढणार आहेत.

हे दोन इंटर्नशिपचं प्रकरण कुठून आलं, असं बरेच जण विचारतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशी पदवीधरांसाठी नियम लागू केले. त्यानुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिक्षण इंग्रजीतून हवं, वर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत आणि परत आल्यावर तेवढीच भारतात हवी, आणि प्रवेशापासून १० वर्षांच्या आत सगळं पूर्ण व्हायला हवं. त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळू शकेल अशी पदवी असावी, हीसुद्धा अट आहे. बांगलादेशचा अभ्यासक्रम ६० महिन्यांचा आणि इंग्रजीतून असल्यामुळे पहिल्या अटी आपोआप पूर्ण होतात. परवान्याच्या अटीसाठी मात्र बांगलादेश मेडिकल अँड डेंटल कौन्सिलच्या नोंदणीबद्दल कॉलेजकडून लेखी घ्या. तोंडी "हो हो, मिळतं" यावर थांबू नका.

याच नियमांमधली एक गोष्ट पालकांच्या लक्षात राहत नाही आणि नंतर तीच सगळ्यात जास्त नडते. संपूर्ण शिक्षण आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत व्हायला हवी. आवडलं नाही, हॉस्टेल वाईट निघालं, म्हणून दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात बदली घेतली, तर भारतात पदवी अडते. म्हणून कॉलेज निवडणं हाच या सगळ्या खटाटोपातला खरा निर्णय आहे. बाकी कागदपत्रं आम्ही बघून घेतो.

कॉलेज कसं बघावं

इमारतीचे फोटो बघू नका. वॉर्डात रुग्ण आहेत का ते बघा. बांगलादेशचा २०२२ चा खासगी वैद्यकीय महाविद्यालय कायदा सांगतो की ५० विद्यार्थ्यांमागे किमान २५० खाटांचं रुग्णालय हवं आणि त्यातल्या ७० टक्के खाटा भरलेल्या हव्यात. दर १० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. कायदा चांगला आहे, पण सगळी खासगी कॉलेजं तो पाळत नाहीत. अटी न पाळल्यामुळे काही कॉलेजांचे प्रवेश तिथल्या सरकारने थांबवलेही आहेत. अशा वेळी मधल्या वर्षात अडकलेल्या परदेशी मुलांचे हाल होतात, आणि एकाच संस्थेच्या अटीमुळे आपल्या मुलांचे जास्तच.

म्हणून आमचा आग्रह असतो की पैसे भरण्याआधी घरातल्या एकाने जाऊन यावं. तिथे शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा रविवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या दिवशी सकाळी दहाला थेट बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसा. केसपेपरच्या खिडकीसमोर रांग किती आहे ते पाहा. प्रसूती विभागात आणि बालरोग विभागात किती खाटा भरल्या आहेत ते पाहा. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या एखाद्या भारतीय मुलाला चहा पाजा आणि विचारा, "स्वतःच्या हाताने किती रुग्णांची हिस्टरी घेतलीस?" त्या एका उत्तरात सगळं येतं. जाणं जमत नसेल तर आम्ही व्हिडिओ कॉलवर शिकणाऱ्या मुलांशी बोलणं करून देतो. ती मुलं कॉलेजने निवडलेली नसतात, एवढी काळजी आम्ही घेतो.

"एनएमसी मान्यताप्राप्त कॉलेज" असं जाहिरातीत दिसलं तर सावध व्हा. एनएमसी परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही आणि तशी यादीही काढत नाही. ती नियम सांगते. कॉलेज त्यात बसतं की नाही हे आपणच तपासायचं असतं.

बांगलादेशच का, आणि कोणी जाऊ नये

आजार सारखे आहेत, हे आमच्या मते सगळ्यात मोठं कारण. डेंग्यू, टायफॉइड, क्षयरोग, कुपोषण, बाळंतपणातली गुंतागुंत, सर्पदंश: मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयात उद्या जे दिसणार तेच तिथल्या वॉर्डात रोज दिसतं. जुलाबाने मरणारी मुलं मीठ-साखरेच्या पाण्याने वाचवता येतात, हे जगाला पटवून देण्यात ढाक्याच्या कॉलरा संशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. त्या परंपरेत शिकलेला डॉक्टर आपल्याकडे उपयोगी पडतो. परीक्षापद्धतही कडक आहे. ५ वर्षांत ४ व्यावसायिक (प्रोफेशनल) परीक्षा, म्हणजे प्रत्येक टप्प्याच्या शेवटची मोठी परीक्षा, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, आणि तेही लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक असं प्रत्येकात वेगवेगळं. पहिली परीक्षा दीड वर्षाने येते आणि शरीररचनाशास्त्रात भलीभली मुलं तिथे अडकतात.

आता दुसरी बाजू. एफएमजीईमध्ये ३०० प्रश्न असतात आणि १५० गुण मिळवावे लागतात. २०१५ ते २०१८ या काळात बांगलादेशातून शिकून ही परीक्षा देणाऱ्यांपैकी साधारण २७ टक्के उत्तीर्ण झाले. चीन, रशिया, युक्रेनच्या तुलनेत तो आकडा चांगला होता, हे खरं. पण चारातले जवळपास तीन नापास झाले, हेही खरंच आणि आम्ही ते लपवत नाही. नीटमध्ये जेमतेम पात्र ठरलेल्या, बारावीचं जीवशास्त्र पाठांतरावर काढलेल्या मुलाला केवळ घरात डॉक्टर हवा म्हणून पाठवू नका. सरकारी कॉलेज थोडक्या गुणांनी हुकलेल्या, अभ्यासाची सवय असलेल्या मुलांसाठी हा रस्ता आहे. आणि आधी राज्याच्या सीईटी सेलच्या सगळ्या फेऱ्या संपू द्या. तिसऱ्या फेरीत जागा लागलेली मुलंही आम्ही पाहिली आहेत.

पात्रता आणि गुणांचं गणित

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी हवेत. खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के. नीट पात्रता सक्तीची आहे आणि परदेशातल्या प्रवेशासाठी तो निकाल ३ वर्षं चालतो.

पण बांगलादेश स्वतःचंही गणित लावतो. दहावी आणि बारावी दोन्हींचे गुण त्यांच्या ५ पैकी श्रेणीत बदलले जातात आणि दोन्हींची बेरीज पाहिली जाते, म्हणजे कमाल १०. जीवशास्त्राची श्रेणी वेगळी बघतात. त्यांच्या शालेय पद्धतीत ८० आणि पुढे ५, ७० ते ७९ ला ४, ६० ते ६९ ला ३.५ आणि ५० ते ५९ ला ३. इथे ७९ आणि ८० मध्ये पूर्ण एका गुणांकाचा फरक पडतो, म्हणून एकूण टक्केवारी चांगली असूनही बेरीज कमी भरू शकते. किमान बेरीज किती आणि बारावी किती जुनी चालेल, हे त्या त्या वर्षी तिथलं वैद्यकीय शिक्षण संचालनालय आपल्या सूचनेत छापतं. ती सूचना आल्याशिवाय आम्ही कोणालाही "नक्की होईल" म्हणत नाही. गुणांच्या समकक्षतेचं प्रमाणपत्रही याच संचालनालयाकडून घ्यावं लागतं.

सरकारी कॉलेजांमध्ये सार्क देशांसाठी थोड्या जागा राखीव असतात. त्यांचा खर्च फार कमी, स्पर्धा फार मोठी. गुण उत्तम असतील तर तो अर्ज जरूर करा, त्याची वेगळी फी आम्ही घेत नाही.

नावाचा घोळ

यावर थोडं जास्त लिहितो, कारण आमच्या टेबलावरचे निम्मे अर्ज इथेच अडकतात. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं फक्त नाव, वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि आईचं पूर्ण नाव. आधारवर कधी वडिलांचं नाव असतं, कधी नसतं. बांगलादेशच्या अर्जात आई आणि वडील दोघांची नावं प्रमाणपत्राप्रमाणे भरावी लागतात. गेल्या खेपेला एका मुलीच्या आईचं नाव दहावीला माहेरच्या हाकेचं होतं आणि पासपोर्टवर लग्नानंतरचं. दोन्ही एकाच बाईची नावं, हे पटवायला सहा आठवडे गेले.

म्हणून पासपोर्टचा अर्ज करण्याआधीच आमच्याकडे या. दहावीच्या प्रमाणपत्राला प्रमाण मानून बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं. फरक मोठा असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करावं लागतं, किरकोळ असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागतं. मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करू नका, त्यावर शिक्के मारता येत नाहीत. आधीच केली असेल तर विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत काढावी लागेल.

शिक्क्यांचा क्रम राज्य पातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालय असा असतो. पुढे बांगलादेशच्या वकिलातीचा शिक्का लागायचा. मार्च २०२५ पासून बांगलादेशही अपोस्टिल करारात आला आहे, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या एका शिक्क्यावर कागद दुसऱ्या सदस्य देशात चालावेत असा करार. त्यामुळे कोणता शिक्का हवा हे कॉलेजकडून लेखी मागवूनच आम्ही कागद पाठवतो. व्हिसासाठी मुंबईत बांगलादेशचं उपउच्चायुक्तालय आहे.

पैसे

खासगी कॉलेजांचा पाच वर्षांचा आकडा डॉलरमध्ये सांगतात. राहणं-खाणं धरून तो साधारण तीस लाखांच्या पुढेच जातो. रुपया घसरला की शेवटच्या वर्षांचे हप्ते वाढतात, त्याची तजवीज ठेवा. रक्कम कॉलेजच्या बांगलादेशातल्या बँक खात्यावर, आपल्या बँकेतूनच पाठवा. कोणाच्याही हातात रोख देऊ नका, आमच्याही नाही. वर्षाला १० लाखांवर रक्कम गेली तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेते, तो विवरणपत्रात वळता होतो. शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीबद्दल रोज विचारणा होते. ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी आहे, एमबीबीएससाठी नाही.

आम्ही पालकांकडून ठरलेली फी घेतो, तिची पावती देतो. कॉलेजकडून कमिशन घेत नाही. म्हणूनच एखाद्या कॉलेजबद्दल "इथे नको" असं सांगणं आम्हाला परवडतं.

सुरक्षिततेबद्दल

जुलै २०२४ मध्ये आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं, आणि आईवडिलांना मुलांचा आवाज ऐकू येईना. ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. हजारो भारतीय विद्यार्थी आगरतळ्याजवळच्या आखौरा, मेघालयातल्या डावकी, बंगालमधल्या गेदे अशा सीमांवरून परतले. ५ ऑगस्टला तिथलं सरकार पडलं. दुसऱ्या दिवशी आपल्या संसदेत सांगितलेल्या माहितीनुसार तिथे सुमारे ९ हजार भारतीय विद्यार्थी होते, आणि त्यांतले बहुतेक जुलैतच परतले होते. परिस्थिती निवळल्यावर त्यांतले बरेच परत जाऊन शिकायला लागले, कारण नियमाप्रमाणे वॉर्डातलं शिक्षण ऑनलाइन भरून निघत नाही.

यातून आम्ही काही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. पोहोचल्यावर आठवड्याच्या आत ढाक्यातल्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे नोंद करायची. चितगाव, राजशाही, सिल्हेट, खुलना इथेही आपली सहायक कार्यालयं आहेत. कॉलेजपासून जवळची सीमा कोणती आणि तिथवर किती तास लागतात, हे निवड करतानाच बघायचं. परतीच्या तिकिटाएवढे पैसे कायम वेगळे ठेवायचे. राजकारणावर समाजमाध्यमांत लिहायचं नाही, मग ते कितीही पटलं तरी.

जाण्याआधीचे दोन महिने

शिकवणं इंग्रजीत, पण रुग्ण बांगलाच बोलतो. तिसऱ्या वर्षी ती येत नसेल तर मूल खाटेच्या कडेला नुसतं उभं राहतं. मराठी मुलांना ती लवकर येते. ज्वर, व्यथा, श्वास, कष्ट हे शब्द उच्चार बदलून तिकडेही आहेत. "काशी" म्हणजे मात्र खोकला, आणि "कबे थेके?" म्हणजे कधीपासून. दर रविवारी संध्याकाळी आमच्या ऑफिसात तिथे शिकून आलेले एक डॉक्टर हा वर्ग घेतात. प्रवेश आमच्यामार्फत असो वा नसो, कोणीही येऊन बसावं.

पहिल्या भेटीला येताना दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, नीटचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांची आधार कार्डं आणि पासपोर्ट असेल तर तो आणा. मुलाला किंवा मुलीला सोबत आणा. पहिली पंधरा मिनिटं आम्ही त्यांच्याशी एकट्याशी बोलतो, तेवढा वेळ तुम्ही बाहेर बसावं.