मुरुंबी, जोसेफ

मुरुंबी, जोसेफ : (१८ जून १९११ – २२ जून १९९०). केनियातील राजकारणी, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळांतील मंत्री, परराष्ट्रमंत्री (१९६४–६६) आणि देशाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष (१९६६). आफ्रिकी पुस्तके व कलावस्तूंचे मोठे संग्राहक. सत्तेत ते जेमतेम साडेतीन वर्षे होते. आज त्यांचे नाव निघते ते मंत्रिपदापेक्षा संग्रहामुळे अधिक.

जन्म रिफ्ट व्हॅलीतील लोंडियानी येथे झाला. वडील पीटर निकोलस झुझार्ते हे गोव्याचे, व्यापारी. आई मासाई, एका लाईबोनची (मासाईंचा धर्मप्रमुख आणि भविष्यवेत्ता) मुलगी. मुलगा लहान असतानाच वडिलांनी त्याला शिक्षणासाठी हिंदुस्थानात धाडले. बंगळूर व बळ्ळारी येथील मिशनरी शाळांत त्यांचे शिक्षण झाले. १९३०च्या दशकाच्या आरंभी ते परतले तेव्हा वसाहतीत युरोपीय, आशियाई आणि आफ्रिकी अशा तीन पायऱ्या होत्या आणि पगार, वस्ती, दवाखाना सारे त्या पायरीवरून ठरे. झुझार्ते हे आडनाव लावून मधल्या पायरीवर राहणे त्यांना सोयीचे होते. त्यांनी मात्र आजोळचे मुरुंबी हे नाव घेतले. त्यांच्या पुढच्या आयुष्याची बरीचशी उकल या एका निवडीतच होते.

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर मिळून सुमारे दहा वर्षे त्यांनी सोमालियात ब्रिटिश लष्करी प्रशासनात नोकरी केली. परतल्यावर ते केनिया आफ्रिकन युनियन या पक्षात आले. ऑक्टोबर १९५२ मध्ये माउ माउ या ब्रिटिशविरोधी सशस्त्र उठावामुळे आणीबाणी पुकारली गेली. पक्षाचे अध्यक्ष जोमो केन्याटा आणि इतर पुढारी पकडले गेले. पक्षाचे हंगामी सरचिटणीसपद या नवख्या माणसाच्या गळ्यात पडले. कापेनगुरिया येथे या पुढाऱ्यांवर चाललेल्या खटल्यात आरोपींच्या बाजूने वकील उभे करायचे होते. नेहरूंनी पाठवलेले दिवाण चमनलाल त्या वकिलांत होते. नैरोबीत भारताचे आयुक्त त्या वेळी औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत होते. केनियातील राष्ट्रवाद्यांविषयीची त्यांची आस्था ब्रिटिशांना इतकी खुपली, की लंडनने दिल्लीकडे तक्रार केली. मुरुंबी १९५३ मध्ये देशाबाहेर पडले आणि भारत व इजिप्तमार्गे लंडनला पोचले. तेथे त्यांनी वसाहतवादविरोधी चळवळीत काम केले, पुढे मोरोक्कोच्या वकिलातीत नोकरी केली. पुस्तकांचा नाद तिथेच वाढला. ग्रंथपाल असलेल्या शीला या पत्नीची गाठही लंडनमध्येच पडली.

१९६२ मध्ये ते परतले आणि पुढच्या वर्षी नैरोबीतून निवडून आले. १२ डिसेंबर १९६३ रोजी देश स्वतंत्र झाला. पंतप्रधान केन्याटांच्या कार्यालयात मंत्री म्हणून आणि प्रजासत्ताक झाल्यावर परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांच्याकडे जे काम आले, त्याला आधीचा नमुनाच नव्हता. वकिलाती उघडायच्या, त्यांत पाठवायला माणसे शोधायची, अलिप्ततेचे धोरण जाहीर करायचे आणि त्याच वेळी ब्रिटनची मदत व लष्करी साहाय्यही घ्यायचे. काँगोतील यादवीच्या पेचप्रसंगात आफ्रिकी ऐक्य संघटनेचे शिष्टमंडळ घेऊन ते १९६४ मध्ये वॉशिंग्टनला गेले. परराष्ट्रमंत्री डीन रस्क भेटले, अध्यक्ष जॉन्सन भेटले नाहीत. नव्या राष्ट्राच्या मंत्र्याला आपली पायरी अशी कळायची. नोव्हेंबर १९६५ मध्ये ऱ्होडेशिया (आजचे झिंबाब्वे) या ब्रिटिश वसाहतीतील गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य घोषित केले. ब्रिटनशी संबंध तोडावेत, असा आफ्रिकी ऐक्य संघटनेचा ठराव झाला. टांझानिया व घाना यांनी तो पाळला, केनियाने नाही. ईशान्य सीमेवर सोमालियात सामील होऊ पाहणाऱ्या सोमाली बंडखोरांशी लढाई चालू होती, आणि ज्या सोमालियात आपण दहा वर्षे काढली त्याच्याशीच या मंत्र्याचा झगडा होता.

या सगळ्यापेक्षा त्यांना आतून हलवणारी घटना घरच्याच राजकारणात घडली. राजकारणात त्यांना आणणारे आणि घडवणारे मित्र पियो गामा पिंटो हेही मूळचे गोमंतकीय, समाजवादी, गोवामुक्तीसाठीही झटलेले. २४ फेब्रुवारी १९६५ च्या सकाळी नैरोबीत घराच्या फाटकापाशी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. गाडीच्या मागच्या आसनावर त्यांची लहान मुलगी होती. स्वतंत्र केनियातील हा पहिला राजकीय खून. एप्रिल १९६६ मध्ये ओगिंगा ओडिंगा उपराष्ट्राध्यक्षपद सोडून विरोधात गेले आणि मे महिन्यात ते पद मुरुंबींना मिळाले. वर्ष संपण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. प्रकृतीचे कारण पुढे करण्यात आले. पिंटोंचा खून आणि सहकाऱ्यांची जमिनींची हाव यांना ते विटले होते, असे मानले जाते. त्यांनी जाहीर वाद घातला नाही. मागचे काही उघडेही केले नाही, ही त्यांची खोड म्हणावी की सौजन्य, यावर मतभेद होऊ शकतात. जानेवारी १९६७ मध्ये त्यांच्या जागी डॅनियल अराप मोई (पुढे राष्ट्राध्यक्ष) आले.

मंत्रिपद सुटल्यावर ते एका सिगारेट कंपनीचे अध्यक्ष झाले. अमेरिकन ॲलन डोनोव्हन यांच्यासह १९७२ मध्ये त्यांनी ‘आफ्रिकन हेरिटेज’ हे कलादालन काढले. तोवर मुथैगा येथील त्यांचे घर पुस्तकांनी, टपाल तिकिटांनी, मुखवट्यांनी, वाद्यांनी भरून गेले होते. १९०० पूर्वी छापलेली आठ हजारांवर दुर्मीळ पुस्तके त्यात होती. परदेशी गिऱ्हाइके अधिक किंमत द्यायला तयार असतानाही १९७०च्या दशकात त्यांनी संग्रह सरकारला विकला आणि घरही दिले. अट एवढीच, की तिथे आफ्रिकी अभ्यासाची संस्था व्हावी. ती झाली नाही. घर पाडले गेले, त्यांनी जपलेली झाडे तोडली गेली, जमीन तुकड्यातुकड्यांनी गेली.

संग्रहाचा मोठा भाग नैरोबीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. ही जुन्या नॅशनल बँक ऑफ इंडियाची इमारत. बँक नावापुरती हिंदुस्थानची, मालकी ब्रिटिशांची. तळमजल्यावरच्या दालनाला मुरुंबींचे नाव आहे. बाहेरच्या रस्त्याचे नाव मोई ॲव्हेन्यू.

शेवटची वर्षे त्यांनी ट्रान्समारा भागातील इंटोना येथे काढली. पिंटोंच्या जवळ पुरावे, ही त्यांची इच्छा होती. नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये, पिंटो ज्या दफनभूमीत आहेत तिच्या कुंपणाला लागून, त्यांची कबर आहे. दहा वर्षांनी शीलाही तिथेच विसावल्या.