गोव्यात घरी बिअर बनवायची आहे? कायदा काय म्हणतो, अर्ज कुठे करायचा, कागदपत्रे कोणती

गोव्यात गेल्या काही वर्षांत छोट्या ब्रुअरींची बिअर मिळू लागली, तशी घरी बिअर करून बघण्याची हौसही वाढली. सातूचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवट चवीची फुले), यीस्ट (आंबवणारे किण्व) हे सगळे ऑनलाइन घरपोच येते. मग प्रश्न येतोच: वीस लिटर बिअर घरच्या घरी करायची, आपणच प्यायची, कोणाला विकायची नाही, तरी परवाना लागतो का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. लागतो. आणि खरी अडचण पुढे आहे: छंदापुरती बिअर करणाऱ्यासाठी वेगळा परवाना कायद्यात ठेवलेलाच नाही. म्हणजे कायदा पाळायची इच्छा असलेल्या माणसाला भरायला फॉर्मच नाही. ही स्थिती बदलायला हवी, असे मला मनापासून वाटते. बदल कसा मागायचा तेही पुढे दिले आहे, पण आधी आजचे चित्र नीट समजून घ्या.

कायद्याची बाजू

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील आठव्या नोंदीनुसार मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी आणि विक्री हा राज्याचा विषय आहे. त्यामुळे दिल्लीत काय चालते किंवा बंगळुरूत काय चालते, याचा इथे उपयोग नाही. गोव्यात 1964 चा गोवा, दमण आणि दीव अबकारी कर कायदा आणि त्याखालचे नियम लागू आहेत. मद्य तयार करायचे तर अबकारी खात्याचा परवाना हवा, हे त्याचे मूळ तत्त्व. विक्रीचा हेतू आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. ‘मी विकत नाही’ एवढ्यावर सुटका होत नाही.

माल्ट किंवा हॉप्स विकत घ्यायला दुकानदार परवाना मागत नाही, कारण ते खाद्यपदार्थ आहेत. त्यावरून पुढचेही सगळे चालते असा समज पसरतो. तो चुकीचा आहे. पिंपात यीस्ट पडले आणि साखरेचे अल्कोहोल होऊ लागले की आपण अबकारी कायद्याच्या हद्दीत आलो.

सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा या भागात नातेवाईक असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. पत्रादेवीची हद्द ओलांडली की महाराष्ट्राचा 1949 चा दारूबंदी कायदा सुरू होतो आणि तो गोव्यापेक्षा पुष्कळ कडक आहे. दुकानातून पावतीसकट घेतलेल्या बाटल्यांचीही तिथे चौकशी होते. बिनलेबलच्या घरच्या बाटल्या गाडीत घालून नेण्याचा विचारसुद्धा करू नये.

आज उपलब्ध असलेले रस्ते

लहान प्रमाणावर कायदेशीरपणे बिअर बनवायची तर आज दोनच वाटा आहेत.

पहिली, मायक्रोब्रुअरीचा परवाना. हा धंद्याचा परवाना आहे. उपाहारगृह किंवा हॉटेलच्या जागेत बिअर तयार करून तिथेच ग्लासात देणे, अशी त्याची मूळ कल्पना. अर्ज पणजीच्या अबकारी आयुक्तांच्या नावे असतो, पण सुरुवात आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयापासून करावी, कारण जागेची पाहणी तिथलाच निरीक्षक करतो. कागदपत्रांचा गठ्ठा मोठा होतो. अर्जदाराचे ओळखपत्र, पॅन आणि रहिवासाचा पुरावा. जागा स्वतःची असेल तर मालकीचे कागद आणि घरपट्टीची पावती, भाड्याची असेल तर करारनामा आणि मालकाची लेखी संमती. पंचायतीचा किंवा पालिकेचा ना हरकत दाखला आणि व्यापार परवाना. इमारतीचा भोगवटा दाखला. जागेचा आणि यंत्रसामग्रीचा आराखडा. शिवाय अग्निशमन दलाचा दाखला, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि अन्न सुरक्षेचा परवाना. बिअरच्या दर्जाचे आणि लेबलचे निकष केंद्राच्या 2018 च्या मद्यविषयक अन्न सुरक्षा नियमांत आहेत, ते 1 एप्रिल 2019 पासून लागू झाले. अबकारी वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असे चालते, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज करणार असाल तर शुल्क कोणत्या वर्षाचे धरले जाणार, हे आधी विचारून घ्या.

यात सर्वांत जास्त वेळ पंचायतीच्या दाखल्याला जातो. बैठकीत ठराव व्हावा लागतो आणि शेजाऱ्यांची हरकत आली की विषय पुढच्या बैठकीवर जातो. म्हणून बाकीची कागदपत्रे गोळा करण्याआधी पंचायतीत अर्ज टाकून आवक क्रमांक घेऊन ठेवावा.

दुसरी वाट कमी लोकांना माहीत असते. ज्यांच्याकडे परवाना आहे अशा ब्रुअरीत, त्यांच्या टाकीत, त्यांच्या देखरेखीखाली आपल्या पाककृतीची बिअर करायची. परवाना, कर आणि जबाबदारी ब्रुअरीची राहते. शिकायचे असेल तर याहून चांगली जागा नाही. मात्र तिथली बिअर ही ब्रुअरीचा माल असते. कर भरल्याशिवाय आणि नोंद झाल्याशिवाय ती बाहेर काढता येत नाही, मग पाककृती कोणाचीही असो.

एखाद्या दिवसाच्या कार्यक्रमासाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या परवान्याबद्दलही विचारणा होते. तो परवाना रीतसर कर भरलेले मद्य देण्यासाठी असतो. त्याच्या आडोशाने घरची बिअर पाहुण्यांना वाटता येत नाही.

घरात नेमके काय होते

परवाना किती कडक असावा हे ठरवायचे तर धोका किती आहे ते बघायला हवे, आणि तो बघायचा तर प्रक्रिया माहीत हवी.

दळलेले माल्ट साधारण 65 ते 67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. तेवढ्या वेळात धान्यातल्या स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी गाळून तासभर उकळतात, त्यात कडवटपणासाठी हॉप्स घालतात, मग झटपट गार करून झाकणाच्या पिंपात ओततात आणि यीस्ट सोडतात. झाकणावर पाणी भरलेली छोटी नळी असते, तिच्यातून एक-दोन आठवडे बुडबुडे येत राहतात. साखर किती उरली ते तरंगत्या हायड्रोमीटरवर (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणाऱ्या नळीवर) कळते. सुरुवातीला 1.050 आणि शेवटी 1.010 असे वाचन आले तर बिअरमध्ये सुमारे सव्वापाच टक्के अल्कोहोल आहे असे समजायचे. गोव्याच्या हवेची एक कटकट आहे. बहुतेक यीस्टला 18 ते 22 अंश मानवतात आणि एप्रिल-मेमध्ये आपली खोली तिशीच्या वर असते. त्यामुळे पिंप 18 ते 22 अंशांवर राखलेल्या फ्रिजमध्ये ठेवावे लागते, नाहीतर बिअरला उग्र वास येतो.

यात धोका कुठे आहे? ‘विषारी दारू’च्या बातम्या वाचून लोक घाबरतात, पण त्या घटना भेसळीच्या स्पिरिटच्या, मिथेनॉल मिसळलेल्या दारूच्या असतात. बिअरचे ऊर्ध्वपातन (तापवून वाफ गार करून दारू काढणे) होत नाही, त्यामुळे काही घट्ट होऊन साचण्याचा प्रश्न येत नाही. अस्वच्छतेने बिअर बिघडते, आंबट होते आणि फेकावी लागते. खरी इजा होऊ शकते ती बाटली फुटण्याने: आंबणे पुरते संपण्याआधी बाटलीत भरली किंवा फेसासाठी लिटरमागे सहा-सात ग्रॅमपेक्षा फार जास्त साखर घातली, तर दाब वाढून काच उडते. ही गोष्ट गंभीर आहे, पण ती माहितीपत्रकाने आणि प्रशिक्षणाने टळते. त्यासाठी अबकारी निरीक्षकाने घरी यायची गरज नाही.

गोव्याला हे नवीन नाही

काजूचा हंगाम बघा. हंगामापूर्वी तालुक्यागणिक विभागांची पावणी (लिलाव) होते, भट्टीला अबकारी खात्याचा परवाना मिळतो, आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ भागात माणसे बोंडू चेचून निरो (रस) काढतात, तो आंबवतात, तांब्याच्या भाणात (भांड्यात) तापवून पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुढच्या फेरीत फेणी काढतात. रेंदेर (माडावर चढून ताडीसारखा रस काढणारा) सुर काढतो तेव्हा माडामागे शुल्क भरतो. काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे घरगुती प्रमाणावरचे मद्य, गावातल्या माणसाच्या हाती, साध्या कागदावर आणि परवडणाऱ्या शुल्कात नियमात बसवण्याचा अनुभव या राज्याच्या अबकारी खात्याकडे कित्येक दशकांचा आहे. भट्टीवरचे काम आगीचे आणि ऊर्ध्वपातनाचे असते, म्हणजे बिअरपेक्षा जोखमीचे. त्याला वाट आहे आणि वीस लिटरच्या पिंपाला नाही, याला मला काही पटण्यासारखे कारण दिसत नाही. नाताळात घरोघरी द्राक्षांची, आल्याची वाइन करणाऱ्या कुटुंबांनाही स्पष्ट नियमाचा फायदाच होईल.

परवाना की नोंद?

इतर देशांनी हा प्रश्न सोडवलेला आहे. ब्रिटनने 1963 मध्ये घरच्या बिअरचा परवाना रद्द केला. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी 14 ऑक्टोबर 1978 रोजी सही केलेल्या कायद्याने प्रौढ माणसामागे वर्षाला 100 गॅलन, म्हणजे सुमारे 378 लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन बिअर करमुक्त झाली. अर्थात राज्यांचे कायदे वेगळे, त्यामुळे अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांत ती 2013 मध्ये वैध झाली. घरी ऊर्ध्वपातन करायला मात्र तिथे सूट दिली गेली नाही. उलट टोकाला जपान आहे. तिथे एक टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेले काहीही घरी आंबवायला परवाना लागतो, आणि बिअरच्या परवान्यासाठी वर्षाला किमान 60 हजार लिटर उत्पादनाची अट आहे, म्हणजे छंदी माणसाला दार बंदच.

मला गोव्यासाठी जर्मनीची पद्धत योग्य वाटते. तिथे घरी बिअर करणारा सुरुवातीला सीमाशुल्क कार्यालयाला कळवतो आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत कर भरत नाही. ही मर्यादा बरीच वर्षे 200 लिटर होती, 2024 पासून ती 500 लिटर झाली.

त्याच धर्तीवर आपल्याकडे अबकारी खात्याकडे एकदाच ऑनलाइन नोंद व्हावी. अर्जदाराचे वय किमान 21. आधार किंवा दुसरे ओळखपत्र, घरपट्टीची किंवा विजेची पावती, भाडेकरू असेल तर मालकाची संमती, आणि तीन गोष्टी मान्य करणारे स्वयंघोषणापत्र: विक्री नाही, ऊर्ध्वपातन नाही, वार्षिक मर्यादेबाहेर उत्पादन नाही. पोचपावतीचा क्रमांक हीच नोंद. दर घाण्याला परवानगी, जागेची पाहणी, पंचायतीचा ठराव, वार्षिक नूतनीकरण यातले काही नको. अटी जाचक केल्या की लोक नोंद करत नाहीत आणि मग खात्याला कोण काय करतो हेच कळत नाही. विकताना सापडला तर मात्र नोंद रद्द करून आजच्या कायद्याने पूर्ण कारवाई व्हावी. परवानाधारक दुकानदार आणि ब्रुअरी कर भरतात, त्यांच्या पोटावर पाय येता कामा नये.

मागणी कशी नोंदवायची

पहिले पाऊल माहिती अधिकाराचे. 2005 च्या कायद्याच्या कलम 6(1) खाली अबकारी आयुक्त कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे साध्या कागदावर अर्ज करा, शुल्क 10 रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी. ‘घरी बिअर बनवता येते का?’ असे विचारू नका. माहिती अधिकाऱ्याला मत देण्याचे बंधन नाही, त्यामुळे असा अर्ज परत येतो. दप्तरी असलेला कागद मागा. उदाहरणार्थ:

‘स्वतःच्या वापरासाठी, विक्रीचा हेतू नसताना, निवासी जागेत बिअर अथवा वाइन तयार करण्यासंबंधी आपल्या खात्याने काढलेली परिपत्रके, अधिसूचना, आदेश किंवा फाईलवरील टिपणे यांच्या प्रती द्याव्यात. अशा उत्पादनासाठी परवान्याचा कोणता प्रकार व किती शुल्क विहित आहे, त्या नियमाची प्रत द्यावी. असा प्रकार नसल्यास तशी माहिती उपलब्ध नाही असे लेखी कळवावे.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. तरतूद नाही हे सरकारी शिक्क्यानिशी हातात आले की पुढच्या निवेदनाला वजन येते. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या 30 दिवसांत त्याच खात्यातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करा. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

उत्तराची प्रत जोडून अबकारी आयुक्त आणि आपल्या मतदारसंघाचे आमदार यांना निवेदन द्या. निवेदन दोन पानांपेक्षा मोठे नको. त्यात वरच्या नोंदणीचा नमुना अर्जच जोडा, कारण तयार मसुदा असला की फाईल हलते. आमदारांना विधानसभेत प्रश्न विचारता येतो किंवा खासगी ठराव मांडता येतो. त्यासाठी अधिवेशनाची तारीख जाहीर होण्याआधी भेटा, प्रश्नांची मुदत लवकर संपते. निवेदनावर सह्या करणाऱ्यांनी आपण घरी बिअर करतो असे कुठेही लिहू नये. नियम बदलेपर्यंत तो कबुलीजबाब ठरू शकतो. ‘आम्ही करू इच्छितो’ एवढे पुरेसे आहे. निवेदनाची दुसरी प्रत आवक शिक्का आणि तारीख घेऊन स्वतःकडे ठेवा, पुढच्या स्मरणपत्रात तोच क्रमांक द्यावा लागतो.