बाळाचा डोस ठरवणारं डुकराचं पिल्लू

मोठ्यांची गोळी मोडून त्यातला चतकोर लहानग्याला द्यायचा, हा हिशेब आपल्याकडे घराघरांत चालतो. नवजात बाळाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिलेली काही बाळं राखाडी पडून दगावतात, हे अमेरिकी डॉक्टरांनी १९५९ साली नोंदवलं. मोठ्यांचं यकृत या औषधाला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतं आणि मग ते लघवीवाटे निघून जातं. बाळाच्या यकृतात हे काम करणारी एन्झाइम पुरेशी तयारच झालेली नसतात. डोसामागून डोस औषध रक्तात साचत गेलं.

मग हे आधी तपासायचं कुठे? उंदराची पिल्लं फारच अपरिपक्व जन्मतात. डुकराच्या पिल्लाचा मेंदू मात्र माणसाच्या बाळासारखाच जन्माच्या आगेमागे झपाट्याने वाढतो. त्याचं हृदय आणि आतडंही आपल्याशी बरंच जुळतं. जर्मनीत गोटिंगेन विद्यापीठाने १९६०च्या दशकात पैदास केलेली बुटकी डुकरं यासाठी विशेष सोयीची ठरली.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बेल्जियममधल्या अँटवर्प आणि लुव्हेनच्या संशोधकांचा प्रयोग. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचा मेंदू वाचावा म्हणून त्याचं शरीर ७२ तास सुमारे ३३.५ अंश सेल्सिअसवर ठेवतात, सोबत झोपेची आणि झटक्यांची औषधं देतात. औषधाचा निचरा मंदावला, तर दोष थंडीचा की गुदमरण्याचा? बाळात दोन्ही एकत्रच येतात, वेगळं करता येत नाही. पिल्लांचे मात्र चार गट करता येतात: नुसती थंडी, नुसता प्राणवायूचा तुटवडा, दोन्ही आणि काहीच नाही. शिवाय तीन किलोच्या बाळात रक्त असतं जेमतेम पाव लिटर. त्यातून तासातासाला नमुने कोण काढणार?

तरी पिल्लू म्हणजे बाळ नव्हे. त्याला गर्भात आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मूत्रपिंडातली गाळणी जन्माआधी तयार असते, पिल्लाची मात्र पुढेही काही आठवडे घडत राहते. त्यामुळे पिल्लाचा कुठला दिवस बाळाच्या कुठल्या वयाशी जुळतो, हे प्रत्येक अवयवासाठी वेगळं ठरवावं लागतं.

आणि ही पिल्लंही जीवच आहेत. त्यांना भूल द्यायलाच हवी, संख्या गरजेपुरतीच हवी. मिळालेली मोजमापं संगणकी प्रारूपात घालतात, म्हणजे पुढच्या औषधाला कमी पिल्लं लागतील.