गो : प्रारंभिक शिक्षण

गो हा चीनमध्ये उगम पावलेला, दोघांनी खेळावयाचा बैठा खेळ असून तो चीनमध्ये वेइछी, कोरियात बादुक व जपानमध्ये इगो या नावांनी ओळखला जातो. पूर्ण पटावर १९ उभ्या व १९ आडव्या रेषा असतात. काळ्या व पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीने, वाघबकरीप्रमाणे रेषांच्या छेदनबिंदूंवर मांडतात. असे बिंदू एकूण ३६१ असतात. मांडलेली सोंगटी पुढे सरकत नाही. ती मारली गेली तरच पटावरून उचलली जाते. प्रस्तुत नोंदीत नवशिक्याला हा खेळ शिकवण्याची पद्धत व तीसंबंधीचे मतभेद यांचाच विचार केला आहे.

खेळाच्या शिक्षणाचा बहुधा सर्वांत जुना उल्लेख मेन्सियस या चिनी तत्त्वज्ञाच्या इ. स. पू. चौथ्या शतकातील वचनांत आढळतो. यी छ्यू नावाचा निष्णात खेळाडू दोन शिष्यांना शिकवत असता एकाचे चित्त धड्यावर होते, तर दुसरा उडत येणाऱ्या हंसाला बाण कसा मारावा याच विचारात गढला होता, असा तो दृष्टान्त आहे. तेथे खेळासाठी आलेला ‘यी’ हा शब्द गोचाच वाचक आहे काय, याविषयी शंका घेतली गेली आहे, तथापि यांग श्योंग (इ. स. पू. ५३–इ. स. १८) याच्या बोलीकोशात पूर्वेकडील प्रदेशात वेइछीला यी म्हणतात असे स्पष्ट नोंदले असल्याने ही शंका फारशी टिकत नाही. इ. स. पू. ५४८ मधील घटनांच्या संदर्भात झ्वोझ्वान या इतिवृत्तातही, सोंगटी हातात धरून निश्चय न करणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याला जिंकू शकत नाही, असे वचन येते. याओ या पौराणिक सम्राटाने दानझू या आपल्या मुलाला वळण लावण्यासाठी खेळ निर्माण केला, ही कथा मात्र बरीच उत्तरकालीन असून तिला ऐतिहासिक पुराव्याचे मोल देता येत नाही.

पट आरंभापासून १९ रेषांचाच होता असेही नाही. हपै प्रांतातील वांगदू येथील उत्तर-हान काळातील (इ. स. २५–२२०) थडग्यातून १९५२ मध्ये मिळालेला दगडी पट १७ रेषांचा आहे, आणि तिसऱ्या शतकातील हानदान छुन या चिनी लेखकानेही १७ रेषा, २८९ बिंदू व प्रत्येकी १५० सोंगट्या असेच वर्णन केले आहे. याउलट सुन्झ याच्या नावावरील गणितग्रंथात १९ रेषांच्या पटावर किती सोंगट्या मावतील असा प्रश्न असून त्याचे उत्तर ३६१ असे दिले आहे. परंतु या ग्रंथाचा काळच तिसरे ते पाचवे शतक असा ढोबळमानाने सांगितला जातो. आन्यांग येथील ५९५ मधील (स्वै राजवटीच्या काळातील) थडग्यात सापडलेला चिनी मातीचा पट १९ रेषांचा आहे. त्यामुळे हा बदल हान साम्राज्याच्या अस्तानंतर व स्वै राजवटीपूर्वी, आणि तोही हळूहळू झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिबेटी प्रकारात १७ रेषांचा पट पुढेही टिकला; मात्र त्यात आरंभीच दोन्ही बाजूंच्या सहा-सहा सोंगट्या मांडून ठेवत असल्याने तो जुन्या चिनी खेळाचा जसाच्या तसा अवशेष मानणे धाडसाचे ठरेल.

नियम थोडे आहेत. सोंगटीला रेषेने लागून असलेले रिकामे बिंदू म्हणजे तिचे मोकळे बिंदू होत. रेषेने जोडलेल्या एकाच रंगाच्या सोंगट्यांचा गट होतो व त्याचे मोकळे बिंदू सामाईक असतात. ते सर्व प्रतिपक्षाने व्यापले की गट मरतो. एकच मोकळा बिंदू उरल्याच्या स्थितीला अटारी म्हणतात. एकेका सोंगटीची आलटून पालटून मारामारी होऊन तीच स्थिती पुनःपुन्हा येऊ नये म्हणून, नुकत्याच मारणाऱ्या सोंगटीला लगेच उलट मारण्यास मनाई आहे. त्यासाठी आधी अन्यत्र एक खेळी करावी लागते. यास को असे म्हणतात. प्रतिपक्षाची सोंगटी मरत नसता स्वतःच्याच गटाचा शेवटचा मोकळा बिंदू भरण्यास चीन व जपानमध्ये बंदी आहे, न्यूझीलंडच्या नियमांत नाही.

गट कायमचा जिवंत राहण्यास त्याच्या आत दोन स्वतंत्र ‘डोळे’ (गटाने पूर्ण वेढलेल्या रिकाम्या जागा) लागतात, हा वरील नियमांतून निघणारा निष्कर्ष आहे. तो वेगळा नियम नव्हे. पाठ्यपुस्तके तो पुष्कळदा नियम म्हणूनच सांगतात आणि तेथे शिकणाऱ्याचा गोंधळ सुरू होतो. वेढलेल्या गटाच्या आत सरळ रेषेत तीन बिंदू रिकामे असतील, तर मधला बिंदू जो आधी घेईल त्याच्यावर गटाचे जीवित ठरते. सरळ रेषेत चार असल्यास गट जगतो, आणि तेच चार बिंदू चौकोनात असल्यास मरतो. अशी लहान कोडी रोज थोडी सोडवणे हा पूर्व आशियातील अध्यापनाचा कणा आहे.

सुरुवात ९ × ९ रेषांच्या पटावर करावी व नंतर १३ रेषांवरून पूर्ण पटाकडे जावे, यावर बहुतेक शिक्षकांचे एकमत आहे. पहिल्या धड्यात काय असावे यावर ते नाही. यासुदा यासुतोशी या जपानी व्यावसायिक खेळाडूने, प्रथम सोंगटी मारेल तो जिंकला, अशा सुटसुटीत रूपाचा मुलांमध्ये विशेष प्रसार केला. मोकळे बिंदू मोजण्याची सवय त्यामुळे लवकर लागते. परंतु प्रदेश (म्हणजे रिकामे बिंदू) वेढणे हे खेळाचे खरे उद्दिष्ट मागे पडून केवळ मारण्याची ओढ जडते, हा त्यावरील आक्षेपही निराधार नाही.

प्रदेशाची कल्पना देण्यास कोपऱ्याचा हिशेब पुरतो. कोपऱ्यातील नऊ बिंदू वेढण्यास सहा सोंगट्या पुरतात, कडेला तेच काम नऊ सोंगट्यांनी होते व मध्यभागी बारा लागतात. म्हणून आधी कोपरे, मग कडा, शेवटी मध्य, असा क्रम पडला आहे. डावपेचांपैकी शिडी प्रथम शिकवतात. अटारीतील सोंगटी पळते, पुन्हा अटारी बसते, आणि हा नागमोडी पाठलाग तिरकस दिशेने थेट कडेपर्यंत जातो. वाटेत पळणाऱ्याची एखादी सोंगटी आधीच असेल तर पाठलाग फसून उलट पाठलाग करणाऱ्याच्याच फळीत जागोजागी भगदाडे राहतात. नवशिका हे शेवटपर्यंत खेळून पाहतो. जाणता पहिल्या खेळीपूर्वीच नजरेने वाट तपासतो.

सर्वांत मोठी अडचण डाव संपताना येते. दोघांनी लागोपाठ खेळी सोडली की डाव संपतो. पण वेढ्यात सापडलेल्या कोणत्या सोंगट्या मेलेल्या धरायच्या, हे परस्परसंमतीने ठरवावे लागते. जपानी पद्धतीत वेढलेले रिकामे बिंदू व कैद केलेल्या सोंगट्या मोजतात. म्हणून स्वतःच्या प्रदेशातील मेलेली सोंगटी प्रत्यक्ष मारून दाखवण्यासाठी तीन खेळ्या खर्च केल्या आणि प्रतिपक्षाने तेवढ्या वेळा खेळी सोडली, तर आपलेच तीन गुण जातात. मारल्याशिवाय खात्री नाही आणि मारले तर तोटा, अशा पेचात नवशिका अडकतो. चिनी पद्धतीत जिवंत सोंगट्या व त्यांनी वेढलेले बिंदू मिळून मोजत असल्याने अशी खेळी फुकट जात नाही आणि वाद पटावरच मिटवता येतो. दोन्हींच्या निकालांत सहसा एखाद्याच गुणाचा फरक पडतो. जपानी मोजणी जलद होते व परंपरेने तीच अधिक पसरली आहे, हे मान्य करूनही, शिक्षकाविना शिकणाऱ्यास चिनी पद्धत सोयीची म्हणावी लागते.

काळा प्रथम खेळतो व त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला जपानमध्ये ६.५, तर चीनमध्ये ७.५ गुण देतात. बल असमान असल्यास दुबळ्या खेळाडूच्या दोन ते नऊ काळ्या सोंगट्या आधी मांडतात. नवशिक्याची श्रेणी साधारण ३० क्यू धरतात. ती १ क्यूपर्यंत उतरत जाते व पुढे दान श्रेणी चढत्या क्रमाने लागतात. पूर्ण पटावर एका श्रेणीचे अंतर एका सोंगटीच्या सवलतीइतके मानतात, लहान पटावर हे गणित जुळत नाही. दान श्रेणींच्या व्यवस्थेचे श्रेय सामान्यतः होनइन्बो दोसाकू (१६४५–१७०२) या जपानी खेळाडूला दिले जाते.

मार्च २०१६ मध्ये सोल येथे अल्फागो या संगणकप्रणालीने ली सेदोल या कोरियन व्यावसायिक खेळाडूचा ४–१ असा पराभव केल्यानंतर कोपऱ्यातील रूढ खेळीक्रमांपैकी कित्येक मागे पडले. आरंभीच कोपऱ्यातील ३–३ बिंदूवर (दोन्ही कडांपासूनच्या तिसऱ्या रेषांच्या छेदावर) घुसणे पूर्वी शिक्षक घाईचे ठरवत, आता व्यावसायिकही तसे खेळतात. डोळे, शिडी व को यांच्या प्राथमिक धड्यांना या बदलाचा स्पर्श झालेला नाही.