बुकएंड, साहित्यिकांच्या प्रतिमा असलेले

उभी ठेवलेली पुस्तके कलंडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना लावायच्या आधारांची जोडी. इटालियन कवी दान्ते, शेक्सपिअर आदी साहित्यिकांचे अर्धपुतळे असलेल्या जुन्या ब्राँझ जोड्यांचा संग्रह हा स्वतंत्र छंद असून त्यांतील पुष्कळ नमुने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत घडले.

उगम : विल्यम स्टेबिन्स बर्नार्ड याच्या १८७७ च्या अमेरिकी पेटंटाकडे नेहमी बोट दाखवले जाते. पण तो आधार पत्रा वाकवून केलेला होता. त्याचे पाते पुस्तकांखाली सरकते, म्हणजे पुस्तकांच्याच वजनाने तो टिकतो. पुतळ्याचा बुकएंड स्वतःच्या वजनावर उभा असतो. तेव्हा मेजावरच्या अर्धपुतळ्यांतून व कागददाबांतून तो आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

धातू : व्यापारात ‘ब्राँझ’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. गोरहॅमसारख्या ओतशाळांचे काम खऱ्या ओतीव ब्राँझचे. आर्मर ब्राँझ, गॅल्व्हानो ब्राँझ ही नावे असलेल्या वस्तूंत मात्र आत प्लास्टरसारखा गाभा आणि त्यावर विद्युत् विलेपनाने चढवलेले धातूचे पातळ कवच असते. जेनिंग्ज ब्रदर्सच्या पुष्कळ जोड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या, तर ब्रॅडली अँड हबर्डच्या अनेक बिडाच्या आहेत. वरून ब्राँझचा रंग. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते, ब्राँझला त्याच्या दुपटीहून अधिक तापमान लागते; स्वस्ताईचे एक मुख्य कारण हेच. चुंबक बिडाला चिकटतो, जस्ताला व ब्राँझला नाही. तळाशी झिजलेल्या जागी धातू पिवळसर (ब्राँझ) आहे की रुपेरी-करडा (जस्त), हे पाहावे. तिथे पांढरा गाभा उघडा पडला असेल तर ते कवचकाम.

प्रतिमा : दान्ते (१२६५–१३२१) व त्याच्या काव्यातील प्रेयसी बेआत्रीचे ही जोडी अनेक कारखान्यांनी काढली. दान्तेचे हयातीतील निर्विवाद चित्र उपलब्ध नाही. बुकएंडवरील बाकदार नाक, खोल गाल व कानटोपी यांचे मूळ नेपल्स येथील ब्राँझ अर्धपुतळ्यात दिसते. तो साधारणतः पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला मानतात. फ्लॉरेन्समधील तथाकथित मृत्युमुखवटाही नंतरच्या शिल्पावरून केलेला असावा, असे आता बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. बेआत्रीचेचा चेहरा तर सर्वस्वी शिल्पकाराच्या कल्पनेतला. शेक्सपिअरला त्याच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहातील उत्कीर्ण चित्राचा व स्ट्रॅटफर्डच्या स्मारकाचा आधार आहे.

जतन : चिंच-लिंबाने घासल्यास मूळ पॅटिना (पृष्ठभागावरचा जुना रंगथर) जातो आणि जोडीचे मोलही घटते. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर तो साधा कळंक न समजता क्लोराइड क्षारांमुळे होणारी झीज समजावी व ती जोडी कोरड्या जागी वेगळी ठेवावी.